डॉमिनिक हाशेक : बर्फावर आडवा पडणारा गोली

पहाटपाळी

इथे आइस हॉकीचा विषय निघाला की गाडी ग्रेट्झकीच्या स्टेशनावरून सुटते आणि फिरून तिथेच येते. ग्रेट्झकीच्या विक्रमांबद्दल वाद नाहीच. पण 'अरे, हे याने केलं कसं?' असं मला सगळ्यात जास्त वेळा म्हणायला लावलं ते गोल मारणाऱ्याने नव्हे, अडवणाऱ्याने, म्हणजे गोलीने (गोलकीपरने). म्हणून हा धागा डॉमिनिक हाशेकसाठी.

जन्म २९ जानेवारी १९६५, गाव पार्दुबित्से, तेव्हाचं चेकोस्लोव्हाकिया. सहा वर्षांचा असताना वडील त्याला निवड चाचणीला घेऊन गेले. धड स्केट्सही नव्हते, बुटांच्या तळाला स्क्रूने बसवायची पाती होती. मोठ्या मुलांच्या संघाला गोली मिळत नव्हता आणि हा अंगाने उंच, म्हणून दिला उभा करून. सोळाव्या वर्षी तो देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळत होता. १९८७ आणि १९८९ मध्ये त्याने पार्दुबित्सेला विजेतेपद मिळवून दिलं. मधल्या काळात शिक्षक होण्यासाठीचं शिक्षणही चालू होतं, विषय झेक भाषा आणि इतिहास.

१९८३ मध्ये शिकागोने त्याला एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगच्या ड्राफ्टमध्ये (तरुण खेळाडूंच्या निवडीत) घेतलं, तेही दहाव्या फेरीत, क्रमांक जवळजवळ दोनशेवा. पोलादी पडद्याआडचा खेळाडू कशाला कोण लवकर उचलतंय? तो येणार कधी आणि त्याला सोडणार कोण! ही बातमी खुद्द हाशेकला कळायलाच कित्येक महिने गेले. १९८९ च्या नोव्हेंबरात तिकडची राजवट कोसळली आणि १९९० मध्ये पंचविशी गाठलेले हाशेकसाहेब अमेरिकेत उतरले.

उतरले, आणि बाकावर बसले. शिकागोकडे एड बेलफोर हा गोली होता, तरुण आणि भलत्याच फॉर्मात. दोन मोसमांत हाशेकच्या वाट्याला जेमतेम पंचवीस सामने आले, बाकीचा वेळ इंडियानापोलिसच्या दुय्यम संघात. १९९२ च्या उन्हाळ्यात शिकागोने त्याला बफेलोला देऊन टाकलं, बदल्यात दुसरा एक गोली आणि ड्राफ्टमधली एक निवड. बफेलोने तरी त्याला पहिला मान दिला का? छे. काही महिन्यांत त्यांनी ग्रँट फ्यूर या दुसऱ्या गोलीला आणलं. १९९३ च्या नोव्हेंबरात फ्यूर जखमी झाला, तेव्हा कुठे अठ्ठावीस वर्षांच्या हाशेकला जागा मिळाली.

त्या मोसमात त्याने सामन्यामागे सरासरी १.९५ गोल दिले. दोनच्या खालची सरासरी त्याआधी वीस वर्षांपूर्वी बर्नी पॅरेंटने गाठली होती. पुढे सर्वोत्तम गोलीची व्हेझिना ट्रॉफी सहा वेळा. १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ दोन वर्षं लीगच्या सर्वांत मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफी. १९६२ च्या जॅक प्लांटनंतर ती एकाही गोलीला मिळाली नव्हती, आणि दोनदा मिळवणारा गोली आजही हाच एकटा.

आता त्याच्या शैलीबद्दल. गोली गुडघ्यांवर येतो, पॅड दोन्ही बाजूंना पसरतो आणि जाळीची खालची बाजू बंद करतो, याला बटरफ्लाय म्हणतात. पॅट्रिक रुआने ती पद्धत घरोघरी पोचवली. हाशेक यात कुठेच बसत नव्हता. तो पाठीवर पडायचा, कुशीवर लोळायचा, पाय हवेत फेकायचा, स्टिक सोडून देऊन ब्लॉकरच्या (स्टिक धरायच्या) हाताने पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती चकती, उचलायचा. कंबरेतून असा वळायचा की पाठीचा कणा आहे की नाही अशी शंका यावी. शिवाजी पार्कात 'कोपर वर, बॅट सरळ' घोकून घेणाऱ्या एखाद्या सरांपुढे हा पोरगा नेला असता तर पहिल्याच दिवशी किट उचलून घरी पाठवला असता. तिकडेही बरीच वर्षं तेच झालं असं माझं मत आहे. दिसायला अडाणी, म्हणजे खेळही अडाणी. बफेलोत तो स्थिरावला तरी लोक म्हणत होते, नशीबवान आहे, संपेल एक दिवस.

नशीब इतकी वर्षं पुरतं होय?

---

शेंगदाणा

मस्त लिहिलंय! या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही, तरी एका दमात वाचलं. पण आकड्यांचं काही सांगाल का? क्रिकेटमध्ये सरासरी पन्नास म्हणजे थोर हे कळतं. इथे गोली चांगला की वाईट हे कशावरून ठरवतात? १.९५ गोल म्हणजे त्यात बचाव फळीचाही वाटा असणारच ना?

---

पहाटपाळी

शेंगदाणाताई, नेमका प्रश्न. म्हणूनच गोल-सरासरीपेक्षा सेव्ह पर्सेंटेज बघतात, म्हणजे जाळीवर आलेल्या फटक्यांपैकी किती अडवले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लीगची सरासरी .९०० ते .९१० च्या आसपास असायची, म्हणजे शंभर फटक्यांत नऊ-दहा गोल. हाशेकची १९९८-९९ ची टक्केवारी .९३७, म्हणजे शंभरात सहाच्या थोडं वर.

वाचताना फरक किरकोळ वाटतो. पण सामन्यात तीस फटके येतात असं धरा. .९०० वाला गोली तीन गोल देईल, .९३७ वाला दोनही देणार नाही. सामन्यामागे एकाहून जास्त गोलाचा फरक, आणि यातले बरेच सामने एका गोलाने ठरतात. त्याच्या संपूर्ण एनएचएल कारकिर्दीची टक्केवारी .९२२ आहे आणि ती इतिहासात सर्वोच्च गणली जाते. ७३५ सामने, ३८९ विजय, ८१ सामन्यांत एकही गोल दिला नाही. एकट्या डिसेंबर १९९७ मध्ये असे सहा शटआउट.

आणि बफेलोची बचाव फळी म्हणजे काही चीनची भिंत नव्हती. प्रामाणिक, कष्टाळू पोरं होती, एवढंच.

---

तर्कटराव

लेख चांगला आहे, पण भक्तिरस जरा जास्त झालाय. 😀

ब्रोड्योर हा गोली घ्या. एकाच क्लबकडे जवळजवळ आख्खी कारकीर्द, तीन स्टॅनले कप (म्हणजे एनएचएलचं विजेतेपद), सगळ्यात जास्त विजयांचा विक्रम. रुआकडे चार कप. हाशेकला पहिला कप कधी मिळाला? २००२ मध्ये, तोही डेट्रॉइटमध्ये जाऊन, जिथे आयझरमन, लिडस्ट्रॉम, शॅनहन, ब्रेट हल, रोबिताय अशी मांदियाळी होती आणि वर प्रशिक्षक स्कॉटी बोमन. त्या संघात गोली बरा असला तरी भागलं असतं. २००८ चा दुसरा कप तर बाकावरून, पहिल्याच फेरीत त्याच्या जागी ऑसगूड आला होता.

अडवण्याची टक्केवारी उत्तम, मान्य. पण ज्याची नक्कल कुणालाच करता येत नाही ती पद्धत म्हणायची का? आजच्या गोलींमध्ये हाशेकसारखा खेळणारा एक दाखवा. सगळे बटरफ्लायचेच वारकरी.

---

लेक_एरी

तर्कटराव, मी बफेलोकर. हिवाळ्यात दारासमोरचा बर्फ उपसणे आणि सेबर्ससाठी (आमच्या संघासाठी) रडणे हे इथले दोन जोडधंदे. म्हणून तुमचं कपांचं गणित जिव्हारी लागलं.

आधी १९९४ बघा. २७ एप्रिल, प्लेऑफचा (बाद फेरीच्या मालिकेचा) सहावा सामना, बफेलोच्या जुन्या ऑडिटोरियममध्ये, आणि समोर तुमचाच ब्रोड्योर, तेव्हा नवखा. साठ मिनिटं ०-०. पहिला ओव्हरटाइम ०-०, दुसरा ०-०, तिसरा ०-०. चौथ्या ओव्हरटाइममध्ये डेव्ह हॅननने गोल केला तेव्हा मध्यरात्र केव्हाच उलटून गेली होती. ब्रोड्योरने ४९ फटके अडवले होते, हाशेकने ७०. सत्तर! सातवा सामना आम्ही २-१ ने हरलो, हे आमचं नेहमीचंच.

मग १९९९. अंतिम फेरी डॅलसशी, सहावा सामना आमच्या घरी, १-१, तिसरा ओव्हरटाइम. ब्रेट हलने हाशेकसमोर पडून आलेला पक आत ढकलला. तेव्हा हलचा डावा पाय क्रीजमध्ये (जाळीसमोरच्या आखलेल्या जागेत) होता, पक बाहेर. त्या मोसमातला नियम असा की पकच्या आधी आक्रमक खेळाडू क्रीजमध्ये घुसला तर गोल रद्द, आणि वर्षभर व्हिडिओ बघून बोटभर पाय आत दिसला तरी ढीगभर गोल रद्द केले होते. इथे मात्र लीगने सांगितलं की हलचा पकवर ताबा सुटलाच नव्हता, त्यामुळे गोल वैध. डॅलसचे लोक तोवर मैदानात नाचत होते, कॅमेरे, पत्रकार, सगळा गोतावळा बर्फावर. पुढच्या मोसमापासून तो नियमच काढून टाकला. आमच्याकडे 'नो गोल' एवढं म्हटलं तरी समोरच्याला सगळं कळतं, वर्ष सांगावं लागत नाही.

त्या रात्री पलीकडच्या जाळीत कोण होतं? एड बेलफोर. ज्याच्यामुळे हा शिकागोत बाकावर बसला तोच. आणि तीन वर्षांनी डेट्रॉइटमध्ये तोच ब्रेट हल हाशेकच्या बाजूला कप घेऊन फिरत होता. नशिबाचा विषय काढायचाच असेल तर तो इथे काढा.

संघ कसा होता विचारता? सेबर्सकडे त्या वर्षी नाव घ्यावा असा एखाददुसराच गोल करणारा होता. त्या संघाला अंतिम फेरीत नेणं हे डेट्रॉइटच्या दहा कपांच्या बरोबरीचं. (घरचा माणूस आहे, जरा फुगवणारच.)

---

मुळा_मुठा

कप, कप काय करताय मंडळी, नागानो कुणाला आठवत नाही का?

१९९८ चं हिवाळी ऑलिंपिक, जपान. एनएचएलने मोसम थांबवून सगळे व्यावसायिक पाठवले ते पहिल्यांदा. कॅनडा-अमेरिका सुवर्णासाठी भांडणार असंच सगळे धरून चालले होते. झेक संघात एनएचएलवाले निम्मेशिम्मे, बाकीचे युरोपातल्या लीगमधले. साखळीत ते रशियाकडून हरले, मग उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेला ४-१ ने घरी पाठवलं.

उपांत्य सामना कॅनडाशी. झेक १-० ने पुढे, आणि जेमतेम मिनिटभर उरलं असताना लिंडनने बरोबरी केली. ओव्हरटाइम कोरडा गेला, मग पेनल्टी शूटआउट, प्रत्येकी पाच. झेककडून पहिल्याच रायखेलने रुआला चकवलं. त्यानंतर कुणीही नाही. कॅनडाचे पाच जण कोण होते बघा : फ्लुरी, बोर्क, न्यूवेन्डाइक, लिंड्रोस, शॅनहन. पाचांपैकी एकाचाही गोल नाही. आणि ग्रेट्झकी? बाकावर बसून बघत होता. प्रशिक्षक क्रॉफर्डने त्याचं नावच पाचात घातलं नव्हतं. यावर कॅनडात आजही चहाच्या पेल्यात वादळं होतात.

अंतिम सामना रशियाशी. उपांत्य फेरीत एकट्याने पाच गोल मारून आलेला पावेल बुरे समोर होता. झेक १-० ने जिंकले. गोल पेत्र स्वोबोदाचा. हा बचावपटू १९८४ मध्ये किशोर संघाबरोबर पश्चिम जर्मनीत गेला आणि परत आलाच नाही, तिथून थेट माँट्रियलला. त्या काळी असं पळालेल्या माणसाचं नाव घरी घेतलं जायचं नाही. चौदा वर्षांनी त्याच्याच गोलाने देशाला सुवर्ण!

सामना सुरू झाला तेव्हा प्रागमध्ये पहाट होती. जुन्या शहराच्या चौकात मोठ्या पडद्यासमोर थंडीत हजारो लोक उभे. 'हाशेक गडावर!' हा त्यांचा घोष. गड म्हणजे प्रागचा, जिथे राष्ट्राध्यक्ष बसतात. तेव्हा तिथे हावेल होते, त्यांनी ते मनाला लावून घेतलं नसावं. पुढे या स्पर्धेवर तिकडे ऑपेरा आला, एका लघुग्रहालाही हाशेकचं नाव दिलंय. आख्ख्या स्पर्धेत त्याने सहा गोल दिले.

---

पहाटपाळी

लेक_एरी आणि मुळा_मुठा यांनी माझं काम केलं. तर्कटरावांच्या 'पद्धत' या मुद्द्याला मात्र उत्तर द्यायचंय, कारण धागा काढला तो त्यासाठीच.

नागानोचं शूटआउट पुन्हा बघा, पण या वेळी हाशेककडे बघू नका, मारणाऱ्याकडे बघा. प्रत्येक जण येतो, अंगाने झोला देतो आणि गोली आधी हलेल म्हणून थांबतो. हाशेक हलत नाही. मागे सरकत राहतो, खांदे सरळ. मारणाऱ्याची जागा संपत येते. त्याने स्टिक वळवली की मग हा पसरतो, तोवर मारणाऱ्याला मन बदलायला वेळ उरलेला नसतो. लोळणं ही शेवटची अर्ध्या सेकंदाची गोष्ट. टीव्हीवर तेवढंच दिसतं, त्यामुळे लोक म्हणतात की हा नुसता आडवा पडतो.

दुसरं, जवळून मारलेला पक बहुतेक वेळा खालीच येतो. जाळीपासून चार-पाच फुटांवर, अंगावर बचावपटू लोंबकळत असताना पक वर उचलायला वेळही नसतो आणि जागाही. हाशेक बर्फावर आडवा झाला की तळ आख्खा बंद. वरचा कोपरा उघडा ठेवायचा तो जाणूनबुजून, कारण तिथे मारणं सगळ्यात अवघड. त्यातूनही कुणी पक उचललाच तर पाय किंवा हात वर फेकायला कंबर तयार.

आणि स्टिक सोडणं. मोकळा पक समोर पडलाय आणि उजव्या हातात स्टिक आहे, मग हात पक धरणार कसा? म्हणून स्टिक सोडायची. पद्धतशीर गोली स्टिकने पक दूर ढकलतो, तो दुसऱ्याच्या पायात जातो, पुन्हा फटका. हाशेकला ती दुसरी संधी द्यायचीच नव्हती.

नक्कल करता येत नाही म्हणालात, ते खरं. ते शरीर सगळ्यांकडे नसतं, आणि त्याला तरुण वयात सुधारणारा कुणी भेटला नाही हेही आहेच. आजचा गोली दहाव्या वर्षापासून गोली-कोचकडे जातो. सगळे छान, सगळे सारखे.

डेट्रॉइटमध्ये 'बरा गोली चालला असता' म्हणता? त्या वर्षीची कोलोराडोविरुद्धची मालिका आठवा. डेट्रॉइट २-३ ने मागे, पलीकडे पॅट्रिक रुआ. सहावा सामना २-०, सातवा ७-०. शेवटचे दोन्ही सामने हाशेकचे शटआउट. त्या प्लेऑफमध्ये एकूण सहा.

---

तर्कटराव

भूमितीचा मुद्दा पटला. ७-० चा सामना मीही पाहिलाय, रुआ मध्येच उठून बाकावर गेला होता. तेवढं तुमचं.

पण माणूस म्हणून? १९९७ मध्ये प्लेऑफ चालू असताना गुडघा दुखावला म्हणून सामना सोडला, त्यावर एका स्तंभलेखकाने शंका घेतली तर त्याच्याशी झोंबाझोंबी, शर्ट फाडला, तीन सामन्यांची बंदी. मग प्रशिक्षक टेड नोलनशी उघड भांडण. त्याच वर्षी सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान मिळालेला नोलन गेला आणि हे राहिले. २००६ मध्ये ओटावाकडे मोसम जोरात चाललेला, ऑलिंपिकला ट्युरिनला गेले, पहिल्याच सामन्यात काही मिनिटांत मांडीचा स्नायू दुखावला आणि ओटावासाठी पुन्हा उतरलेच नाहीत. शिवाय निवृत्त्या किती? २००२ ला निवृत्त, वर्षभराने परत. २००८ ला निवृत्त, पुन्हा परत. आमच्या गल्लीतले काका दर दिवाळीला तंबाखू सोडतात ते आठवलं.

---

लेक_एरी

नोलनचं दुखणं इथे अजून आहे. पुढचा मोसम सुरू झाला तेव्हा स्वतःच्याच रिंकमध्ये हाशेकच्या नावाने हुर्यो उडत होती. डिसेंबरातले ते सहा शटआउट आले आणि लोक गप्प झाले. गप्प झाले म्हणजे विसरले असं नाही. २००१ मध्ये कपासाठी डेट्रॉइटला गेला तेव्हाही कित्येकांनी नाकं मुरडली. माझ्या ऑफिसातला एक जण अजून त्याला 'तो झेक' म्हणतो. पण १३ जानेवारी २०१५ ला सन्मान म्हणून त्याचा ३९ नंबर छताला टांगला, तेव्हा तोच माणूस तिकीट काढून गेला होता.

२००६ बद्दल मी वेगळं म्हणेन. एक्केचाळीस वर्षांच्या माणसाचा स्नायू फाटला, त्यात नैतिक काय आहे?

---

मुळा_मुठा

निवृत्तीवरून आठवलं, २००८ नंतरची गोष्ट तर सगळ्यात भारी. एनएचएल सोडून हा गडी पार्दुबित्सेला परतला आणि २०१० मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, गावच्या क्लबला झेक लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. १९८९ नंतर एकवीस वर्षांनी त्याच जाळीत! त्यानंतर एक मोसम स्पार्टाक मॉस्कोकडे. कायमची निवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये. दोन वर्षांनी हॉल ऑफ फेम, फोर्सबर्ग आणि मोडानो यांच्याबरोबर.

त्यामुळे तर्कटराव, तुमच्या काकांशी तुलना चुकते. काका दर वेळी हरून परत येतात.

---

गोलीची_आई

कॅनडातल्या ब्रॅम्पटनहून नमस्कार. एरवी फक्त वाचते, आज लिहायलाच हवं. आमचे चिरंजीव अकरा वर्षांचे, गोली आहेत. (गोलीच का? कारण तो मोठा पॅड आवडला म्हणून. त्या पॅडच्या किमतीत आमची गावची ट्रिप झाली असती.) पहाटे रिंकवर नेऊन मी काचेमागे कुडकुडत बसते, आणि हे महाशय सध्या यूट्यूबवर हाशेक बघून दर फटक्याला स्टिक टाकून लोळतात. कोच वैतागलाय. व्हिडिओ बंद करू का?

---

पहाटपाळी

ताई, बंद करू नका, वेगळे दाखवा. 'सर्वोत्तम दहा सेव्ह' छापाचे व्हिडिओ नकोत, त्यात फक्त लोळणंच असतं. नागानोचं शूटआउट आवाज बंद करून दाखवा आणि त्याला एकच विचारा : हाशेक कधी हलला, मारणाऱ्याच्या आधी की नंतर? १९९४ चा ब्रोड्योरसमोरचा सामना मिळाला तर त्यातली आख्खी वीस मिनिटं दाखवा. बहुतेक वेळ तो नुसता उभा असतो, कोन धरून. आणि बटरफ्लाय कोचकडून शिकू द्याच.

---

गोलीची_आई

बरं, रविवारी दाखवते. अजून एक : स्टिक सोडून ब्लॉकरच्या हाताने पक धरणं नियमात बसतं ना? कोचशी बोलायच्या आधी खात्री हवी.

---

लेक_एरी

बसतं. गोलीने कुठल्याही हाताने पक धरला तरी चालतो. फक्त अंगावर कुणी येत नसताना उगाच दाबून ठेवला तर वेळकाढूपणाचा दंड लागू शकतो. आणि स्टिक पकच्या दिशेने फेकायची नाही हं, त्याला शिक्षा आहे. हातातून गळू द्यायची, खाली, स्वतःच्या पायाशी.